अजित वाडेकर: सरासरी ३१, शतक एकच, आणि तरी १९७१?

लेटकट:

वाचनालयाच्या व्याख्यानमालेत अजित वाडेकरांवर पंचवीस मिनिटं बोलायचं आहे. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत कसोटी मालिका जिंकल्या तेव्हाचे आपले कप्तान. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे, म्हणजे एक आकडा चुकला की पहिल्या रांगेतून दुरुस्ती येणार. टिपणं काढताना चार ठिकाणी अडलं आहे.

१. ३७ कसोटी, २११३ धावा, सरासरी ३१.०७, शतक एक. अशा फलंदाजाला पतौडींच्या जागी कप्तान कसं केलं, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. त्याचं प्रामाणिक उत्तर काय?

२. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पहिल्या कसोटीत किंग्स्टनला आपली आघाडी १७० ची होती. फॉलोऑनला, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, २०० लागतात. मग सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला कसा?

३. '१९७४ ला लॉर्ड्सला ४२ वर गारद झालो आणि वाडेकर संपले.' हे इतकं सरळ आहे का?

४. खेळणं थांबल्यावर पुढे काय? 'स्टेट बँकेत होते' इतकंच सगळीकडे लिहिलेलं सापडतं.

आठवणी, हळवेपणा नको. धावफलकाशी ताडून पाहता येईल असं काही द्या.

---

स्कोअरबुक:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

३१.०७ खरंच आहे, पण फळ्यावर तो आकडा एकटा लिहू नका. शेजारी दुसरा लिहा: प्रथम श्रेणीत २३७ सामने, १५,३८० धावा, सरासरी ४७.०३, शतकं ३६. म्हणजे ३५ शतकं कसोटीबाहेरची. हाच माणूस १९५८-५९ पासून मुंबईकडून खेळत होता आणि कसोटीत आला डिसेंबर १९६६ मध्ये, ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. आठ हंगाम वाट पाहावी लागली. त्याच १९६६-६७ च्या हंगामात मैसूरविरुद्ध ३२३ काढल्या, ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या.

'शतक एकच' याचीही फोड करून सांगा. ते शतक म्हणजे १९६८ मधल्या वेलिंग्टन कसोटीतल्या १४३. न्यूझीलंडमध्ये आपण पतौडींच्या हाताखाली ३-१ ने जिंकलो, परदेशातला आपला पहिला मालिका विजय, त्यातली ही खेळी. बाकीच्या मोठ्या खेळ्या बघा: मेलबर्नला ९९ (१९६७-६८), लीड्सला ९१ (१९६७, फॉलोऑननंतर ५१० केल्या त्या डावात), दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद ९१ (१९६९), कानपूरला ९० आणि मुंबईला ८७ (१९७२-७३), लॉर्ड्सला ८५ (१९७१). दिल्लीच्या डावात तर शतकाला जागाच नव्हती. १८१ चं लक्ष्य होतं, ते पुरं झालं तेव्हा हे ९१ वर उभे होते. यातल्या दोन खेळ्या शंभरीपलीकडे गेल्या असत्या तर सरासरी जेमतेम अर्ध्या धावेने हलली असती, पण 'एकच शतक' हे वाक्य जन्मालाच आलं नसतं.

तिसरा आकडा कुणी सांगत नाही: ३७ कसोटींत ४६ झेल, बहुतेक स्लिपमध्ये. फिरकीवर जगणाऱ्या संघात स्लिपला उभा राहणारा कप्तान गोलंदाजाइतकाच कामाचा. चेंडू किती फिरतोय, किती उसळतोय हे तिथून त्याला थेट दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही.

आता कप्तानपद. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीत मतं सारखी पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंटांनी निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. हे लपवायचं कारण नाही. पण 'फलंदाज म्हणून लायकी नव्हती' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर सातत्याने खेळणारा दुसरा भारतीय दाखवा, मग बोलू.

---

गुगलीवाला:

स्कोअरबुक, वकिली छान झाली. पण नशिबाचा वाटा सांगायचा की नाही? १९७१ च्या वेस्ट इंडिजकडे हॉल-ग्रिफिथ हे वेगवान गोलंदाज उरले नव्हते, रॉबर्ट्स-होल्डिंग यायचे होते. दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत आपण जाऊन आलो. त्यात पदार्पणाच्या मालिकेत गावसकरांनी चारच कसोटींत ७७४ धावा काढल्या, सरासरी १५४.८०. सरदेसाईंच्या ६४२. हे दोघं एवढं करत असताना कप्तानाला काय करायचं होतं?

---

शॉर्टलेग:

काय करायचं होतं ते सांगतो. सरदेसाई त्या दौऱ्यावर होते, कारण कप्तानाने त्यांचं नाव लावून धरलं होतं. मडगावात जन्मलेले आणि मुंबईकडून खेळणारे दिलीप सरदेसाई तेव्हा कसोटी संघाबाहेर फेकले गेले होते. सगळे त्यांना संपलेला खेळाडू समजत होते.

आता प्रश्न दुसरा, फॉलोऑन. नियम नीट मांडा, कारण निम्मे लोक तो चुकीचा सांगतात. पाच दिवसांच्या सामन्यात २०० ची आघाडी लागते, तीन किंवा चार दिवसांच्या सामन्यात १५० ची. मात्र पहिल्या दिवशी एकही चेंडू पडला नाही, तर उरलेले दिवस मोजून नियम लागतो. किंग्स्टनला पहिला दिवस पूर्ण पावसात गेला, म्हणजे फॉलोऑनपुरता सामना चार दिवसांचा. आपल्या ३८७, त्यांच्या २१७, आघाडी १७०. बसला नियमात.

खाचखळगा इथे आहे: दिवस वाया गेला तो *पहिलाच* असायला हवा. मधला दिवस धुऊन गेला तर २०० चे १५० होत नाहीत. त्याच वर्षी ओव्हलला दुसरा दिवस पावसाने खाल्ला, तिथे ही सवलत कुणालाच मिळाली नसती.

वाडेकर वेस्ट इंडिजच्या ड्रेसिंगरूममध्ये जाऊन सोबर्सना सांगून आले की तुम्ही पुन्हा फलंदाजीला या. निकाल अनिर्णित. कन्हाय नाबाद १५८, सोबर्स ९३, त्यांनी ५ बाद ३८५ केल्या. फॉलोऑनने सामना जिंकून दिला नाही, एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर व्याख्यानात भलतंच वातावरण तयार होतं. पण आपण ५ बाद ७५ वरून तिथवर आलो होतो. सरदेसाई २१२, सोलकर ६१, दोघांची सहाव्या गड्यासाठी १३७ ची भागी, मग प्रसन्नाला घेऊन सरदेसाईंनी नवव्या गड्यासाठी १२२ जोडल्या. गावसकर या सामन्यात नव्हते, बोट दुखत होतं. त्यामुळे 'सगळं गावसकरांनी केलं' हे पहिल्या कसोटीला तरी लागू नाही, गुगलीवाला.

पोर्ट ऑफ स्पेनची गोष्ट जास्त वेळ घेऊन सांगा, कप्तानी तिथे दिसते. वेस्ट इंडिज २१४, भारत ३५२ (नोरेगाने ९५ धावांत ९ बळी घेतले, तरीही). दुसऱ्या डावात तिसऱ्या दिवसअखेर ते १ बाद १५०, म्हणजे १२ धावांनी पुढे, नऊ गडी हातात. चौथ्या दिवशी सकाळी नेटमध्ये सराव करताना नाबाद असलेल्या चार्ली डेव्हिसच्या डोळ्यावर चेंडू लागला आणि त्याला टाके घालायला न्यावं लागलं. हा भाग नशिबाचा, मान्य. पुढचा नाही. बेदी, प्रसन्ना, वेंकट असे तीन हुकमी फिरकीपटू असताना चेंडू सलीम दुराणींच्या हातात दिला. दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉईडला बाद केलं, झेल खुद्द वाडेकरांचा. पृथक्करण १७-८-२१-२ (षटकं, निर्धाव, धावा, बळी). बळी दोनच, पण कुणाचे ते बघा. वेंकटने ९५ त ५ घेतले, डाव २६१ वर संपला, आपल्याला १२४ हव्या होत्या. ३ बाद १२५, गावसकर नाबाद ६७. वेस्ट इंडिजविरुद्धचा आपला पहिला विजय.

---

स्कोअरबुक:

ओव्हलचं मी जोडतो, त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यातली तिसरी कसोटी. तो डाव लोक 'चंद्राचे ६ बळी' म्हणून एका ओळीत उरकतात.

इंग्लंड ३५५, भारत २८४, आपण ७१ ने मागे. चौथ्या दिवशी चंद्रशेखर १८.१-३-३८-६, इंग्लंड ४५.१ षटकांत १०१. सुरुवात एका धावबादने झाली: लकहर्स्टचा सरळ फटका चंद्राच्या बोटांना लागून यष्ट्यांवर गेला, जेमसन क्रीजबाहेर. मग एड्रिच आणि फ्लेचर लागोपाठच्या चेंडूंवर गेले. जेवणाला ३ बाद २४. पुढे वेंकटच्या गोलंदाजीवर नॉटचा झेल सोलकरांनी फॉरवर्ड शॉर्टलेगला झेपावून घेतला, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. हेल्मेटशिवाय, फलंदाजाच्या श्वासाच्या अंतरावर.

इथे दोन निवडी महत्त्वाच्या. चंद्रशेखर १९६७-६८ नंतर संघाबाहेर होते, त्यांना या दौऱ्यासाठी परत आणलं. आणि तिन्ही कसोटींत प्रसन्ना बाहेर, वेंकट आत. वेंकट उपकप्तान होते, गलीत झेल घेत होते, खाली येऊन धावाही करत होते. प्रसन्नाच्या चाहत्यांना हे अजून पचलेलं नाही आणि श्रोत्यांत एखादा तरी तसा असणारच. त्याच्याशी वाद घालू नका. प्रसन्ना जास्त मोठा गोलंदाज होता हे खरंच आहे, पण त्या संघाचं अर्धं शस्त्र जवळचं क्षेत्ररक्षण होतं.

लक्ष्य १७३. चौथ्या दिवसअखेर २ बाद ७६, वाडेकर ४५. शेवटच्या सकाळी एकही धाव न वाढता ते धावबाद झाले. आत जाऊन झोपले. खरोखर झोपले, जिंकल्यावर इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी उठवलं. बाहेर सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, इंजिनियर नाबाद २८ असं मुंगीच्या पावलांनी चाललं होतं: १७४ धावांना १०१ षटकं. इलिंगवर्थने एकट्याने ३६ षटकांत ४० धावा दिल्या. अबिद अलीने लकहर्स्टला चौकार मारून संपवलं. २४ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण ओव्हलवर आणली होती. हा तपशील अस्सल आहे, बिनधास्त वापरा. त्याआधी इंग्लंड २६ कसोटी हरलेलं नव्हतं.

बाकी दोन कसोटींचंही खरं सांगा. लॉर्ड्सला १८३ हव्या असताना आपण ८ बाद १४५ वर होतो, पावसाने वाचवलं की अडवलं ते ज्याचं त्याने ठरवावं. मँचेस्टरला मात्र पावसाने निखालस वाचवलं: लक्ष्य ४२० चं, आपण ३ बाद ६५.

---

लेटकट:

शॉर्टलेग, स्कोअरबुक, दोघांचे आभार. नियमाचा तो 'पहिलाच दिवस' मुद्दा मला माहीत नव्हता. १९७४ चं कुणी सांगेल का? वाचलं त्यात सगळा रोख ४२ वर आहे.

---

शॉर्टलेग:

४२ हे पाटीसारखं आहे, त्यामागे काय आहे ते झाकलं जातं.

आधी ४२ चा तपशील. लॉर्ड्स, सोमवार २४ जून १९७४. फॉलोऑननंतर शनिवारी बिनबाद २, रविवार विश्रांतीचा. सोमवारी ढगाळ हवा आणि ७७ मिनिटांत सगळं आटोपलं. एकूण १७ षटकं: ओल्ड ८-३-२१-५, अर्नोल्ड ८-१-१९-४, हेंड्रिकचं एक षटक. दुहेरी आकडा एकालाच, सोलकर नाबाद १८. चंद्रशेखर दुखापतीमुळे फलंदाजीला आलेच नाहीत, म्हणजे गडी नऊच पडले. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ होईपर्यंत ही आपली नीचांकी धावसंख्या होती.

आता त्याआधीचा डाव बघा. इंग्लंड ६२९. अमिस १८८, डेनेस ११८, ग्रेग १०६. बेदींना ६ बळी, पण २२६ धावा देऊन. पुढच्या एजबॅस्टन कसोटीत इंग्लंड २ बाद ४५९, डेव्हिड लॉईड नाबाद २१४. दोन डावांची बेरीज करा: १०८८ धावा आणि पडलेले गडी १२. सामना हरण्याची सुरुवात इथे आहे. फलंदाजांनी ४२ केल्या तशाच त्याच सामन्यात आधी ३०२ ही केल्या होत्या.

गोलंदाजी का बोथट झाली? तारखा शेजारी शेजारी ठेवा. १९७१ ची पहिली कसोटी २२ जुलैला सुरू झाली, शेवटची ऑगस्टअखेर. १९७४ ची पहिली ६ जूनला, शेवटची ८ जुलैला संपली. इंग्लिश उन्हाळ्याचा उत्तरार्ध आणि पूर्वार्ध यात फिरकी गोलंदाजाच्या दृष्टीने दोन देशांइतका फरक. जूनमधली खेळपट्टी ओलसर, बोटं गारठलेली, चेंडू हातात धड बसत नाही. जो संघ फिरकी आणि जवळचे झेल यावर उभा केला, त्याला तिथे दुसरा पर्यायच नव्हता. नवा चेंडू अबिद अली, सोलकर, मदनलाल यांच्याकडे. समोर अर्नोल्ड, ओल्ड, हेंड्रिक, अंडरवुड. त्यात चंद्रशेखर जायबंदी. शिवाय कप्तान आणि बेदी यांचं जमेनासं झालं होतं, हेही उघड गुपित.

म्हणजे मालिका ३-० ने हरलो त्याला कप्तान जबाबदार नव्हता का? होता. १९७१ चा साचा त्याने तसाच १९७४ ला नेला.

---

गुगलीवाला:

हे पटलं. पण निवृत्तीचं थेट कारण ४२ नव्हे, ते स्वतंत्र सांगायला हवं. परतल्यावर दुलीप करंडकासाठीच्या पश्चिम विभागाच्या संघातून त्यांना वगळलं. देशाचा कप्तान स्वतःच्या विभागाच्या संघातही नाही! त्यावर त्यांनी निवृत्ती जाहीर केली. वय ३३. घरावर दगड पडले, आणि १९७१ च्या विजयानंतर इंदूरला उभारलेल्या सिमेंटच्या 'विजय बल्ल्या'ला लोकांनी काळं फासलं.

एक आणखी घ्या, देशी क्रिकेटमधलं. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर मुंबई १५१ आणि ११३, तामिळनाडू ८० आणि ६१. पद्माकर शिवलकर ८/१६ आणि ५/१८. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर खेळ खलास. कप्तान वाडेकर, आणि मुंबईचं ते ओळीने पंधरावं विजेतेपद. पुढच्याच हंगामात बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकने पहिल्या डावाच्या आघाडीवर ही साखळी तोडली, आणि तिथे वाडेकर धाव घेताना पाय घसरून धावबाद झाले. पडझड इंग्लंडला जायच्या आधीच सुरू झाली होती, असं म्हणायला जागा आहे.

---

पॅव्हेलियन एंड:

चौथा प्रश्न राहिलाय.

स्टेट बँकेची नोकरी हा तळटिपेचा विषय नाही. त्या काळी कसोटी खेळून घर चालत नसे. बँक पगार देई, दौऱ्यासाठी सुट्टी देई आणि निवृत्तीनंतरही खुर्ची शिल्लक ठेवी. ३३ व्या वर्षी तडकाफडकी खेळ सोडून देणं परवडलं ते यामुळे. पत्नी रेखा, तीन मुलं, मुक्काम वरळीला. खासगी आयुष्य त्यांनी खासगीच ठेवलं, तुम्हीही तिथे फार रेंगाळू नका.

दुसरी खेळी व्यवस्थापक म्हणून, १९९२ ते १९९६, अझरुद्दीन कप्तान असताना. इथे जुना साचा पुन्हा दिसतो, पण या वेळी घरच्या मैदानांवर: कुंबळे, राजू, चौहान असे तीन फिरकीपटू, आणि १९९३ मध्ये इंग्लंडला ३-०. कोलकाता ८ गडी राखून, चेन्नई आणि मुंबई डावाने. कुंबळेला तीन कसोटींत २१ बळी. १९७४ च्या ३-० ची परतफेड त्याच आकड्यात, हा योगायोग बोलताना हमखास चालतो.

ऑकलंड, २७ मार्च १९९४, न्यूझीलंडविरुद्धचा एकदिवसीय सामना, हेही घ्या. सिद्धूची मान आखडली, तेंडुलकरने सलामीला जायची गळ घातली आणि अझर-वाडेकर जोडीने हो म्हटलं. ४९ चेंडूंत ८२. उलट बाजूला १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना: नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण, श्रीलंका ८ बाद २५१, आपण ८ बाद १२० असताना प्रेक्षकांच्या दंग्यामुळे सामना थांबवून श्रीलंकेला बहाल. नाणेफेकीच्या त्या निर्णयाचा जाब व्यवस्थापकालाही द्यावा लागला. त्यानंतर ती जागा संदीप पाटलांकडे गेली.

१९९८-९९ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष. खेळाडू, कप्तान, व्यवस्थापक आणि निवड समिती अध्यक्ष अशा चारही खुर्च्यांवर बसलेले भारतीय मोजकेच, लाला अमरनाथ आणि चंदू बोर्डे त्यातले. याखेरीज शारीरिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या क्रिकेट संघटनेचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं, ते सहसा कुणी सांगत नाही. अर्जुन पुरस्कार १९६७, पद्मश्री १९७२. जन्म १ एप्रिल १९४१, निधन १५ ऑगस्ट २०१८.

---

स्कोअरबुक:

पहिल्या रांगेतल्या आजोबांसाठी दोन गोष्टी.

कप्तान म्हणून १६ कसोटी: ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. 'अपराजित कप्तान' असं काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं, ते १९७२ च्या डिसेंबरपर्यंतच खरं होतं. दिल्लीला टोनी लुईसच्या इंग्लंडने ६ गड्यांनी हरवलं, मग कोलकाता २८ धावांनी आणि चेन्नई ४ गड्यांनी जिंकून आपण मालिका २-१ घेतली.

दुसरं, 'शेवटचा सामना एजबॅस्टन' म्हणू नका. ती शेवटची कसोटी. त्यानंतर १३ जुलै १९७४ ला लीड्सला भारताचा पहिलावहिला एकदिवसीय सामना झाला, ५५ षटकांचा, कप्तान वाडेकरच. आपण २६५, ब्रिजेश पटेल ८२, वाडेकर ६७. इंग्लंड ४ गड्यांनी जिंकलं. दोन दिवसांनी ओव्हलला दुसरा सामना, तो त्यांचा भारतासाठी शेवटचा. म्हणजे जिथे १९७१ ला झोपेतून उठवून विजय सांगितला गेला, त्याच मैदानावर.